बाईकच्या शोमधलं खरं काय, तुम्ही विचारलंत म्हणून

"सर, ता सगळा खोटा असता मां?" नवीन बॅच आली की हा प्रश्न ठरलेला. मी कुडाळकडे एका आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला शिकवतो, आणि पोरांच्या मोबाईलवर त्या अमेरिकन कस्टम बाईक बनवणाऱ्या शोचे तुकडे चालूच असतात, पांढऱ्या झुपकेदार मिशांचा बाप, त्याचा पोरगा, आरडाओरडा, दारावर लाथा, आणि शेवटी एक लांबलचक चॉपर, म्हणजे पुढचा फोर्क लांब काढलेली बाईक, कापडाखालून बाहेर येते नि लोक टाळ्या वाजवतात. पोरं विचारतात, पोरांचे वडील विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेले पाव्हणेसुद्धा विचारतात की तुम्ही त्याच कामातले, सांगा यात खरं किती. उभ्या उभ्या पूर्ण उत्तर कधी देता येत नाही, म्हणून आज निवांत लिहितोय.

माझं मत असं आहे की त्यातलं भांडण खरं असतं आणि घाई खोटी असते. बहुतेक लोकांना बरोब्बर उलटं वाटतं. त्यांना वाटतं भांडण कोणीतरी लिहून दिलेलं आहे, आणि बाईक मात्र खरंच चार-आठ दिवसांत रात्रीचा दिवस करून उभी राहते.

आधी भांडणाचं घेऊ. सगळ्यात गाजलेला शो म्हणजे डिस्कव्हरीचा अमेरिकन चॉपर. 2002 मध्ये त्याचा पहिला नमुना भाग आला आणि 2003 पासून मालिका सुरू झाली. न्यूयॉर्क राज्यातलं ऑरेंज काउंटी चॉपर्स हे त्यांचं दुकान, पॉल ट्यूटल सीनियर बाप आणि पॉल ज्युनियर मुलगा. आता यातली एक गोष्ट आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना माहीत असते, ती म्हणजे हा बाप मुळात लोखंडी कामवाला. बाईकच्या आधी त्याचा फॅब्रिकेशनचा धंदा होता, रेलिंग वगैरे करायचा, आणि मुलगा त्याच शेडमध्ये काम शिकत मोठा झाला. म्हणजे आपल्याकडे ग्रिल-गेटवाला असतो ना, तोच माणूस. हे कळल्यावर मला त्यांची भांडणं एकदम ओळखीची वाटायला लागली, कारण आमच्या बाबांचंही ग्रिलचं शेड होतं आणि मोठा दादा त्यांच्या हाताखाली होता, आणि त्या दोघांचं जे चालायचं ते हेच, तू दहा वाजता का आलास, ग्राइंडर वापरून जागेवर का नाही ठेवलास, गिऱ्हाईकाला तारीख तू दिलीस तर आता उत्तरही तूच दे. ट्यूटल बापलेक याच गोष्टींवरून भांडतात. उशिरा येणं, झाडू न मारणं, हत्यारं इकडेतिकडे टाकणं. हे कोणी बसून लिहायची गरजच नाही, बापलेक एका शेडमध्ये काम करत असले की हे रोज आपोआप होतं.

कॅमेरा समोर असला की माणूस थोडा चढतो, हे मी मान्य करतो. एडिटर पाच मिनिटांचं भांडण तीन ठिकाणी लावतो तेही खरं. पण मुळात काही नसतं तर 2008 मध्ये बापाने मुलाला दुकानातून काढलं नसतं, मुलाने पॉल ज्युनियर डिझाइन्स म्हणून स्वतःचं दुकान काढलं नसतं, आणि कंपनीतल्या हिश्श्यावरून प्रकरण कोर्टात गेलं नसतं. टीव्हीसाठी कोणी सख्ख्या मुलाबरोबर कोर्टाची पायरी चढत नाही. 2010 मध्ये चॅनलने त्या फाटाफुटीचाच शो केला, सीनियर विरुद्ध ज्युनियर, आणि 2018 मध्ये त्यांच्या एका जुन्या भांडणाचे पाच फोटो एकाखाली एक लावलेलं मीम जगभर फिरलं. आजची पोरं त्यांना त्या मीमवरूनच ओळखतात. मला याचं वाईट वाटतं, कारण तो ज्युनियर डिझाइनचा खरंच तयार माणूस आहे. 2011 मध्ये दोघांची आणि जेसी जेम्स या तिसऱ्या नावाजलेल्या बिल्डरची तिहेरी स्पर्धा लावली होती, प्रेक्षकांच्या मतांवर, ती ज्युनियरने जिंकली. 2012 मध्ये पुन्हा स्पर्धा झाली, तीही त्यानेच जिंकली. लोक भांडण बघायला यायचे पण मत बाईक बघून द्यायचे, प्रेक्षकांबद्दल ही चांगली गोष्ट मला सांगावीशी वाटते.

आता घाई. प्रत्येक भागात कोणीतरी म्हणणार, उद्या ट्रक येतोय, उद्या अनावरण आहे, अजून टाकी रंगून आलेली नाही, मेलो. घाई काय असते ते आपल्या किनाऱ्यावर विचारा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बोटी वर काढलेल्या असतात, आणि पंख्याचा शाफ्ट, विंचची बैठक, डिझेलची टाकी, कठडा, सगळं वेल्डिंग त्याच दिवसांत, बाहेर धो धो पाऊस आणि वेल्डिंग रॉड दमट. 1 ऑगस्टला बोट पाण्यात गेली नाही तर मालकाचं नुकसान, खलाशांचं नुकसान. ही तारीख कोणाच्या बापाला पुढे ढकलता येत नाही. आणि एवढी खरी घाई असूनसुद्धा आमचे कारागीर ओरडत नाहीत, उलट गप्प होतात, कारण बोलायला वेळ नसतो.

टीव्हीवरच्या बाईकचा हिशोब मांडा म्हणजे कळेल. बाईक आधी नुसत्या लोखंडावर पूर्ण जोडतात, इंजिन, चाकं, टाकी, मडगार्ड, सायलेन्सर, सगळं. मग ती परत पूर्ण खोलतात. फ्रेम आणि पत्रा रंगाला जातो, काही भाग क्रोमला जातात. रंग म्हणजे प्रायमर, घासणं, बेस, नक्षीकाम, वरून क्लियरचे हात, प्रत्येक हाताला वाळायला वेळ. मग दुसऱ्यांदा जोडणी, आणि ही सगळ्यात कठीण, कारण आता एक पाना सटकला की सगळा रंग गेला. यातलं रंग आणि क्रोम तर बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या दुकानात होतं. हे सगळं एका भागात दाखवायचं म्हटलं की मधले दिवस गायब करावे लागतात आणि गायब केलेले दिवस लपवायला घाई दाखवावी लागते. माझा राग आहे तो इथे. कारण पोरगं हे बघून येतं आणि तिसऱ्या दिवशी मला विचारतं की सर, टिग, म्हणजे ते बारीक नाजूक वेल्डिंग, कधी शिकवणार. अरे बाबा, आधी साध्या आर्क वेल्डिंगवर सरळ रेष तर येऊ दे.

दुसरं एक मत नेहमी ऐकतो, जरा जाणकार लोकांचं. ते म्हणतात, हे काय बनवतात, हे तर जोडतात, इंजिन एस अँड एस कंपनीचं विकत, फ्रेम विकत, टायर विकत, चाक मशीनवर कापलेलं. बरोबर आहे, इंजिन विकतच आणतात. पण मला यात कमीपणा वाटत नाही. बोट बांधणारा मिस्त्री तरी इंजिन कुठे ओततो? बघायचं असतं ते बाकीचं. टाकी ठोकून लांब करणं, हँडल वाकवणं, सायलेन्सरचे पाईप तुकडे-तुकडे जोडून वळणावर आणणं.

एक काम तर मी वर्गात मुद्दाम थांबवून दाखवतो, मागचं मडगार्ड बसवणं. चॉपरचं मागचं टायर रुंद, 250, 300 मिलीमीटरचं, आणि मडगार्ड त्याला अगदी चिकटून हवं पण कुठेही घासता कामा नये. मग काय करतात, टायरवर एक जुनी चेन किंवा होजपाईपचा तुकडा टाकतात, त्यावर मडगार्ड ठेवतात, म्हणजे चहूकडे सारखी फट राहते. मग पट्ट्या लावून नुसते टाके मारायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे, परत डावीकडे. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलास की गार होताना धातू त्या बाजूला ओढतो आणि फट वाकडी होते. हे सगळं स्क्रीनवर काही सेकंदच दिसतं, लगेच कॅमेरा कोणाच्या तरी तोंडावर. तरी त्या काही सेकंदांत माझ्या दहा मिनिटांच्या फळ्यावरच्या आकृतीपेक्षा जास्त कळतं, म्हणून मी शोला वाईट म्हणत नाही.

थीम बाईकबद्दल पण लोक बोलतात, की पुढे पुढे प्रत्येक बाईक कुठल्यातरी कंपनीची जाहिरातच झाली. हे मला पटतं. पण सुरुवातीला त्यांनी 11 सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्या न्यूयॉर्कच्या 343 अग्निशामक जवानांसाठी जी फायर बाईक केली, तिच्या टाकीवर त्या पडलेल्या इमारतीचा खरा रिव्हेट बसवला होता, ती बघून आजही गलबलतं. तिथे विषय त्या लोखंडातच होता.

मग ती चालते का हो? हा पाव्हण्यांचा प्रश्न. अमेरिकेच्या सरळ रुंद रस्त्यावर चालते. आपल्याकडे आंबोलीच्या किंवा करूळच्या घाटात न्या म्हणजे समजेल. साध्या बाईकचा पुढचा फोर्क साधारण 25 ते 28 अंश कललेला असतो, चॉपरचा 40 च्या आसपास आणि कधी त्याच्याही पुढे. सरळ वेगात ती छान स्थिर राहते, पण हळू वेगात वळवायला गेलात की पुढचं चाक बाजूला पडायला बघतं, आणि हेअरपिनला तर वळायला अख्खा रस्ता लागतो. त्यात हार्डटेल असली म्हणजे मागे शॉकअप नाहीच, खड्डा थेट मणक्याला. आणि आमची खारी हवा नि जून ते सप्टेंबरचा तीन हजार मिलीमीटर पाऊस, क्रोमवर एका पावसाळ्यात ठिपके येतात, रोज पुसा, तेल लावा, तरी. या सगळ्याचा विचार टीव्हीवर कोण करणार, त्यांची हवा वेगळी. पण आपल्या पोराने करायला हवा.

आणि कायद्याचा तर नक्कीच करायला हवा, कारण दरवर्षी कोणीतरी सेकंडहँड बुलेट घेऊन येतो, सर, फ्रेम कापूया. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, आरसी बुकात कंपनीचं जे मूळ स्पेसिफिकेशन आहे त्याच्यापेक्षा वेगळा बदल चालत नाही. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे परत स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ज्या फ्रेमवर चासी नंबर आहे ती कापायची नाही, एवढं डोक्यात ठेवा. सीट, हँडलचं रूप, रंग यात करण्यासारखं बरंच आहे, तेही आधी आरटीओत विचारून. मुंबईत अक्षय वर्दे यांच्यासारखे लोक याच देशात राहून वर्षानुवर्षं कस्टम बाईकचं काम करतायत, म्हणजे वाट आहे, पण ती कागद नीट ठेवून.

आता उरला तो प्रश्न, मग बघू की नको. बघा. पण एकच बघायचा असेल तर मी बाईकर बिल्ड-ऑफ सांगतो. तोही डिस्कव्हरीचाच, त्याच काळातला. दोन बिल्डर, दोघांनी आपापल्या दुकानात बाईक बनवायची, मग दोघांनी मिळून त्या चालवत एखाद्या मेळाव्याला जायचं आणि तिथे लोकांनी मतं द्यायची. मला यातलं चालवत जाणं फार आवडतं. वाटेत बाईक बंद पडली तर समोरचा थांबून मदत करतो, ज्याला हरवायचं त्याच्याच बाईकखाली झोपून नट आवळतो. स्पर्धा असून कोणी कोणाला शिव्या देत नाही, आणि तरी शो कंटाळवाणा होत नाही, म्हणजे भांडणाशिवाय लोक बघत नाहीत हे चॅनलवाल्यांचं म्हणणं मला कधीच पटलं नाही.

त्यात न्यूयॉर्कचा इंडियन लॅरी म्हणून बिल्डर दिसेल, अंगभर टॅटू, बोलणं मऊ. चालत्या बाईकवर उभं राहायचा तो, आणि ऑगस्ट 2004 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कॉन्कर्डला तोच स्टंट करताना पडून गेला, 55 वर्षांचा होता. त्याच्या शेवटच्या बाईकच्या फ्रेममध्ये नळ्यांच्या जागी जाड साखळीच्या कड्या वापरल्या आहेत, एकेक कडी वेल्ड करून ताठ केलेली. साखळी म्हणजे मुळात लुळी पडणारी वस्तू, तिच्यावर इंजिन आणि माणूस दोघांचं वजन. एक जरी वेल्ड आतून पोकळ राहिला असता, स्लॅग, म्हणजे वेल्डचा मळ, आत अडकला असता, तर तिथूनच तडा गेला असता. तो भाग मिळाला तर पोरांनो, त्या कड्यांचे सांधे पॉज करून बघा, कुठून सुरू केलंय, कुठे थांबलंय, घासून लपवलंय की उघडं ठेवलंय, सोमवारी प्रॅक्टिकलला मी हेच विचारणार आहे.