भात्यातली धाप

मी डब्लिनमध्ये राहतो आणि लघुपटांना पार्श्वसंगीत देतो. गेल्या हिवाळ्यात 14 मिनिटांचा एक भयपट हाती आला. गोष्ट बॅन्शीची. घरातलं कुणी जाणार असलं की आधी जिचा आक्रोश कानी पडतो, ती आयरिश लोककथेतली बाई. दिग्दर्शिकेची अट एकच होती, वाद्यं इथलीच हवीत.

पहिले तीन आठवडे वाया गेले. इलिअन पाइप्स या आयरिश पिशवीवाद्याचे तयार सॅम्पल, म्हणजे आधीच मुद्रित केलेले सूर घेऊन मी ते उलटे वाजवले, ताणले, वर भरपूर रीव्हर्ब, म्हणजे घुमारा ओतला. दिग्दर्शिका ऐकून म्हणाली, "भीती वाटत नाहीये. कुणीतरी घाबरवायला बघतंय, एवढंच कळतंय." खरं होतं ते.

मग एका ज्येष्ठ पाइपवादकांच्या घरी गेलो. हे वाद्य फुंकत नाहीत. उजव्या कोपराखाली भाता, डाव्याखाली पिशवी. 'इलिअन' हा शब्दच मुळी कोपरावरून आलेला. चाल वाजते त्या चँटरला आपल्या सनईसारखी दुहेरी पत्ती असते, आणि डी स्वराचे तीन ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या, तीन सप्तकांत अखंड चालू राहतात. त्यांनी ड्रोन सुरू केले मात्र, मला हवं ते तिथेच सापडलं. पिशवीत पुरेसा दाब येईपर्यंत सूर डळमळतात, एकमेकांवर घासतात आणि मग एकाएकी एकजीव होतात. "हा भाग कापून टाक हं," ते म्हणाले. मी म्हटलं, मला तेवढाच हवाय. तानपुऱ्याची तार छेडली की नाद हळूहळू विरतो, कान विसावतो. ड्रोन विरतच नाही. श्वास न घेणारं काहीतरी खोलीत उभं आहे असं वाटत राहतं.

घरी येऊन त्याखाली सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा सूर लावला आणि सगळं बेसूर. हार्मोनियमचा गंधार तानपुऱ्याशी खटकतो ना, तेच दुखणं. चँटरचा एफ शार्प, म्हणजे डी हा षड्ज धरला तर गंधार, ड्रोनशी शुद्ध जुळवलेला, सिंथचा त्याहून साधारण 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा. पाइप्स 'दुरुस्त' करायला हात धजेना, म्हणून सिंथच उतरवला. एका प्रसंगात मात्र दोन्ही गंधार तसेच ठेवले. आई मुलाला हाक मारते आणि तो ओळखत नाही, तिथे. त्या दोन सुरांमधली थरथर मला आजही अस्वस्थ करते.

बोधरान या आयरिश डफाने वेगळंच शिकवलं. आपले शाहीर डफ शेकून चढवतात. इथे बकऱ्याच्या कातड्यावर मी पाणी शिंपडलं, ते सैल पडलं आणि आतून तळवा सरकवत वाजवल्यावर आवाज कण्हल्यासारखा खाली घसरला. दोन ठोके वापरले, बस.

शेवटच्या दृश्यासाठी मला विलापाची जुनी धून हवी होती. इथे मृताच्या उशाशी बायका 'क्वीना' गात, शोक करत. पाइपवादक शांतपणे म्हणाले, "ते खऱ्या मेलेल्यांसाठी होतं. ते नको." मला पटलं. मी मागितलंच नको होतं.

शेवटी धून नाहीच. बॅन्शी दारात येते तेव्हा ड्रोन थांबतात आणि फक्त भाता ऐकू येतो. कातड्याची करकर, हवा आत, हवा बाहेर. बारा सेकंद.

अंतिम मिक्स ऐकायला ते पाइपवादकही आले होते. त्या बारा सेकंदांत त्यांचं उजवं कोपर नकळत बरगडीशी दाबलं गेलेलं मी पाहिलं.