लेबलवरचा खंडाळा कुठला? हर्बेरियमच्या नोंदी करताना आलेला माझा अनुभव

वनस्पतीचं शास्त्रीय नाव बदललं तर जुनं-नवं जुळवायला ग्रंथ हाताशी असतात. गावाच्या नावाचं इतकं सोपं नाही. पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या शीट्स (वनस्पती आणि तिचं लेबल चिकटवलेले कागद) संगणकावर नोंदवायचं काम मी अंगावर घेतलं आणि सगळ्यात जास्त वेळ गेला तो लेबलवरच्या ठिकाणांवर.

किर्की म्हणजे खडकी, हे पुण्यात कुणीही सांगेल. लेक फाइफ म्हणजे खडकवासल्याचा जलाशय, भांबुर्डा म्हणजे आजच्या शिवाजीनगरचा भाग. अशी नावं १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर आणि जुने नकाशे शेजारी ठेवले की सुटतात.

खरा घोळ एकाच नावाच्या दोन जागांचा. एक खंडाळा लोणावळ्याशेजारचा, घाटमाथ्यावरचा, धो धो पावसाचा. दुसरा सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा, पर्जन्यछायेतला. पुण्याहून मुंबईच्या रेल्वेने निघालं की पहिला लागतो, साताऱ्याच्या रस्त्याने निघालं की दुसरा. संकलकाने, म्हणजे वनस्पती गोळा करणाऱ्याने, लेबलवर नुसतं 'खंडाळा' लिहिलेलं, कारण आपण कुठे उभे आहोत हे त्याला ठाऊक होतं.

अशा एका शीटवर अंजनी होती, घाटमाथ्यावरच्या रानात वाढणारं झाड. बरोबर काम करणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, अंजनी आहे म्हणजे लोणावळ्याचाच. लिहून टाक." मला ते पटेना. झाडावरून जागा ठरवली, तर 'हे झाड पूर्वी इथे होतं' असं सांगायला ती नोंद कामाचीच राहत नाही. आपणच खिशात ठेवलेलं नाणं आपणच काढून दाखवण्यासारखं ते होतं. जागा ठरवायची तर माणसाच्या प्रवासावरून. म्हणून त्याच संकलकाच्या बाकीच्या शीट्स काढून क्रमांक आणि तारखांप्रमाणे टेबलावर मांडल्या. आदल्या दिवशी कार्ले, दुसऱ्या दिवशी खोपोली. म्हणजे स्वारी बोरघाटात होती. उत्तर मैत्रिणीचंच बरोबर ठरलं, पण आता ते अंजनीवर टेकलेलं नव्हतं, आणि त्यामुळेच अंजनीबद्दल काही सांगायला ती नोंद वापरता येते.

'डापूरी'ने वेगळाच प्रश्न उभा केला. स्पेलिंग पाहून कोकणातलं दापोली वाटू शकतं, पण ही पुण्याची दापोडी. एकोणिसाव्या शतकात तिथे सरकारी वनस्पतिउद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते. त्यांनी तिथे करवून घेतलेली झाडांची चित्रं आजही एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत. म्हणजे गाव ओळखलं तरी काम संपत नाही: झाड रानचं की बागेत लावलेलं? गणेशखिंडीचंही तसंच, तिथे १८७३ पासून बाग आहे. अशा शीट्सपुढे 'लागवडीची शक्यता' असा शेरा लिहिला. तो नसेल तर परदेशातून आणून लावलेलं झाडही पुण्याचं रानझाड म्हणून नकाशावर चढेल.

लेबलवरचे शब्द आहेत तसेच एका रकान्यात, आजचं नाव दुसऱ्यात, आणि अक्षांश-रेखांशाबरोबर किती मीटरपर्यंत चूक असू शकते ती त्रिज्या, असं मी प्रत्येक नोंदीला लिहीत गेले. नुसतं 'पूना' असेल तर शहराच्या मधोमध टिंब देऊन मोकळं होण्याची पद्धत मला मान्य नाही. संकलकाच्या लेखी पूना म्हणजे आसपासच्या टेकड्याही असत. टिंब मात्र शनिवारवाड्यावर नेमकं बसलेलं दिसतं आणि पाहणारा त्यावर विश्वास ठेवतो. तिथे मोठी त्रिज्या लिहिणं हाच प्रामाणिकपणा.

सध्या अडलंय ते 'भोर' लिहिलेल्या शीट्सपाशी. भोर हे गाव आहे, १९४८ पर्यंत ते संस्थान होतं, आणि इंग्रजीत बोरघाटालाही भोर घाट म्हणत. त्या गोळा करणारा संकलक वेगळा, आणि त्याच्या आमच्याकडे एवढ्याच शीट्स आहेत. बाकीच्या दुसऱ्या शहरातल्या संग्रहात आहेत. त्यांच्या तारखा आणि क्रमांक मागवणारं पत्र पाठवलंय. उत्तर येईपर्यंत अक्षांश-रेखांशाचे रकाने रिकामे ठेवलेत.