तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बेन, घरी मराठी बंद करू का?’

हा प्रश्न मला जूनमध्ये हमखास येतो. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या माझ्या वर्गात नवी मुलं आलेली असतात, आईवडील दाराशी घुटमळत असतात, आणि त्यांत वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारचं, रावपुऱ्याचं किंवा आता शहराबाहेर फ्लॅट घेतलेलं एखादं मराठी कुटुंब असतं. सगळ्यांसमोर ते गुजरातीत बोलतात. मी मराठी आहे हे कळलं की बाजूला घेऊन विचारतात, “बेन, आम्ही घरी मराठी बंद करू का?” (मराठी माणसाने मराठी बाईला ‘बेन’ म्हणणं पुण्याकडच्यांना गमतीचं वाटेल. वडोदऱ्यात शिकवणारी बाई बेनच असते, त्याला इलाज नाही.)

मूल तीन-साडेतीन वर्षांचं असतं. बोलत नाही, किंवा ऐकलेलंच परत म्हणतं. ऑटिझमचं निदान नुकतंच झालेलं. घरात मराठी, जिन्यात गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. कुणीतरी सांगितलेलं असतं की एवढ्या भाषांनी पोराचा गोंधळ होतो, एकच ठेवा. आणि ती एक म्हणजे शाळेची, हे सगळे गृहीतच धरतात. मग आजीला ताकीद मिळते आणि आजी नातवाशी बोलेनाशी होते. तिला दुसरं काही बोलताच येत नसतं.

माझं उत्तर सरळ आहे. बंद करू नका.

याला अभ्यासाचा आधार आहे. कॅनडात मॉन्ट्रियल आणि व्हँकुव्हरमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांचीच तुलना झाली, एका भाषेच्या घरातली विरुद्ध दोन भाषांच्या घरातली. दोन्ही अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या भाषेमुळे मुलं आणखी मागे पडली, असं त्यांत आढळलं नाही. त्यानंतरच्या अभ्यासांचा सूरही साधारण तोच. पण दाराशी उभ्या असलेल्या आईला मी मॉन्ट्रियल सांगत बसत नाही. मी विचारते, मराठी सोडल्यापासून तुम्ही याच्याशी दिवसभरात काय काय बोलता? ती आठवून सांगते: कम, सिट, नो, ईट फास्ट. नुसते हुकूम. मराठीत हीच बाई भाजी निवडताना बडबडत होती, चिडत होती, लाडाने काहीबाही नावं ठेवत होती. बोलणं कमी असलेल्या मुलाच्या कानावर आता आणखी कमी पडतं. यात फायदा कुणाचा?

खरं तर माझ्या वर्गात पहिले कित्येक महिने भाषा हा विषयच नसतो. आधी मुलाला हे उमगावं लागतं की समोरच्या माणसाकडून काही मिळवता येतं. त्यासाठी चित्रांची कार्डं. लॅमिनेट केलेली, मागे वेल्क्रो लावलेली. मुलाने पाण्याचं कार्ड उचलून माझ्या हातात दिलं की लगेच पाणी, एक क्षणही उशीर नाही. ही पद्धत 1985 मध्ये अमेरिकेत डेलावेअरमध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी बसवली. पालकांना धास्ती असते की चित्रं हातात दिली तर मूल बोलायचंच नाही. तसं होत नाही, उलट काहींच्या तोंडून शब्द कार्डाबरोबरच फुटतात. आणि कार्डावरच्या पेल्याला भाषा नसते. मी ‘पाणी’ म्हणते, आजीही ‘पाणी’ म्हणते, शाळेतल्या इंग्रजीवाल्या टीचर ‘वॉटर’ म्हणतात. पेला तोच.

आता आरतीबद्दल, कारण इथे मराठी घरांकडे खजिना आहे आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. एक शब्द न बोलणारी मुलं भाद्रपदात अख्खी आरती सुरात म्हणतात आणि घरचे म्हणतात, “हे काय पाठांतर, अर्थ कुठे कळतो?” नसेल कळत. पण तोंड वळतंय, सूर लागतोय, पुढे काय येणार हे पोराला ठाऊक आहे. यावरच काम करायचं असतं. ओळ म्हणायची आणि शेवटच्या शब्दाआधी थांबायचं. मनातल्या मनात दहा मोजायचे, तोंडाने काहीही बोलायचं नाही, पण त्याच्याकडे बघत राहायचं. तो शब्द त्याने घातला की मग पुढची ओळ. हे जमलं की तेच जेवणाच्या वेळी: “वरण आणि…” आणि थांबायचं. आजीइतकं हे कुणाला जमत नाही, थेरपिस्टलाही नाही. फक्त झांजा आवरा. काही मुलांना तो आवाज अक्षरशः सोसत नाही, त्यांना आतल्या खोलीत बसून म्हणू द्या. नवरात्रात तर आमचं अख्खं शहर नऊ रात्री लाउडस्पीकरखाली असतं. तेव्हा कानावर आवाज अडवणारे हेडफोन घालून फिरवा, लोक बघतील तर बघू देत.

ऐकलेलं परत म्हणण्याचाही फार बाऊ होतो. मुलाला पाणी हवं असतं आणि ते म्हणतं, “तुला पाणी हवंय का?” 1943 मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझम असलेल्या ज्या 11 मुलांचं वर्णन केलं, त्यांतल्या बोलणाऱ्या मुलांतही ही ‘मी’-‘तू’ची अदलाबदल होती. मूल चुकत नाहीये. पाणी मिळण्याआधी नेहमी हेच वाक्य ऐकू येतं, म्हणून ते हेच म्हणतं. तेव्हा प्रश्न विचारणं कमी करा. त्याने जे म्हणायला हवं तेच तुम्ही म्हणा: “पाणी दे.” आणि एकच गोष्ट तीन भाषांत लागोपाठ सांगू नका. “बस. बेसी जा. सिट डाउन बेटा.” मूल पहिल्याचा अर्थ लावतंय तोवर दुसरं येऊन आदळतं. गोंधळ होतो तो या घाईने, भाषांनी नव्हे.

अलीकडे एक नवीनच प्रकार बघते. घरात कुणी इंग्रजी बोलत नाही आणि मूल अमेरिकन उच्चारात रंग, आकार, एबीसीडी म्हणतं. मोबाइलवरून उचललेलं. घरचे आधी खूश होतात, मग घाबरतात. तेही शब्दच आहेत, फेकू नका. मूल ‘रेड’ म्हणालं की तुम्ही “हो, लाल गाडी” म्हणा आणि गाडी त्याच्याकडे ढकला. मोजतानाही सगळे शब्द मोजा. आपल्याकडे ऑटिझमच्या तपासणीसाठी आयसा नावाची 40 मुद्द्यांची प्रश्नावली वापरतात, त्यात एक भाग बोलण्या-संवादाचा असतो. तपासणारे गुजराती असतील आणि तुम्ही ‘हा काहीच बोलत नाही’ म्हणालात, तर आजीकडे बोललेलं ‘अजून दे’ कागदावर येणारच नाही. जाताना यादी करून न्या.

आई गुजराती आणि बाबा मराठी, अशा घरांचं काय? ज्याची जी, त्याने ती बोलायची. बाबांनी मात्र खरंच बोलायचं, सोफ्यावर बसून मोबाइल बघत ‘हं’ करणं याला मराठी म्हणत नाहीत. इथे माझा आवाज चढतो हे मला माहीत आहे. वर्गातला एक मुलगा ‘मी आले, मी बसले’ म्हणतो, सगळं आई-आजीचं उचललेलं. म्हणजे बाबांकडून त्याच्या कानावर किती पडतं ते बघा.

यानंतर माध्यमाचा प्रश्न येतोच, गुजराती की इंग्रजी. सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं त्या गावात आपण राहतो. आजच्या कायद्याचं म्हणाल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा तुम्ही निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. तेव्हा शाळेत जाऊन माध्यम नंतर विचारा. वर्गात मुलं किती, मदतनीस बाईला आत बसू देतात का, आवाज असह्य झाला तर मूल कुठे जाऊन बसेल, हे आधी विचारा. आणि उत्तर वर्गावरच्या बाई देतात की फक्त ऑफिसातले साहेब, तेही बघून या.