कणगी रिकामी असतानाची माघी

बेळगाव आणि खानापूर भागातल्या शेतकरी माळकऱ्याला आषाढीची पायी वारी सहसा साधत नाही, कारण त्या दिवसांत शिवार चिखलात असते आणि घरातला प्रत्येक हात रोपलावणीत गुंतलेला असतो. म्हणून आमच्याकडच्या पुष्कळ दिंड्या सुगी आटोपल्यावर माघी एकादशीच्या वारीला निघतात. भात घरात आले की वर्षाचे कणगीत टाकायचे, थोडे विकून दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाची वर्गणी, भरायची आणि निर्धास्त मनाने पंढरीची वाट धरायची, अशी ही जुनी रीत. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराने ती मोडली.

बळ्ळारी नाल्याचे पाणी आमच्या शिवारात बहुतेक पावसाळ्यांत शिरते आणि ओसरते. त्या वर्षी ते ठाण मांडून बसले. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेले भात उभ्या जागी कुजले. पाणी उतरल्यावर बुडखा धरून ओढला, तर मुळासकट काळा, घाण वासाचा चोथा हातात येत होता. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढाही गेला, म्हणजे जनावरांच्या पोटाचा प्रश्न वेगळाच. माघ जवळ आला तेव्हा पीककर्ज डोक्यावर होते आणि तांदूळ दुकानातून आणावा लागत होता. या वर्षी राहू दे, असे मी घरात बोलून दाखवले. त्यावर पत्नी एवढेच म्हणाली, "माळ घातली तेव्हा पीक आलं तर येईन, असं म्हणाला होतात काय?" दिंडीप्रमुखांनी तर विषयच संपवला : "भिशीचं पुढच्या सुगीला बघूया. तू टाळ घेऊन ये."

ही आज्ञा पाळणे सोपे नव्हते, हे इथे नोंदवले पाहिजे. देवावर भार टाकावा असे आपण सहज बोलतो. पण भिशी न भरता पंगतीत बसायचे, म्हणजे तो भार प्रत्यक्षात कोणाच्या तरी पातेल्यावर पडतो, आणि हे ठाऊक असलेल्या माणसाच्या घशाखाली घास लवकर उतरत नाही.

संकेश्वर, चिकोडी करत दिंडी कृष्णाकाठी आली. या काठानेही पुराचा तडाखा खाल्लेला होता. एका गावात ज्यांच्या पडवीत दुपारची पंगत होती, त्यांच्या भिंतीवर पाणी चढल्याची तपकिरी रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. रेघेखालचा गिलावा पोपडे धरून सुटला होता, आणि त्याच भिंतीला टेकून ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड ठेवलेली होती. घरच्या आजी कानडी बोलणाऱ्या. "ऊटा माड्री, ऊटा माड्री", म्हणजे जेवा, जेवा, असा आग्रह करत त्या पानात दुसरी भाकरी टाकत होत्या. तुमचेही सगळे गेले असेल, असे शेजारच्या वारकऱ्याने विचारले, तेव्हा त्या मराठीत म्हणाल्या, "गेलं की. पण माघ येतोच, माउली." त्या घरापुढे माझा संकोच टिकला नाही. ज्याच्याकडे उरले आहे तोच देतो, हा माझा समज होता. इथे वाढणाऱ्याची आणि जेवणाऱ्याची परिस्थिती एकच होती, आणि ठरलेल्या तिथीला ठरलेले काम करायचे, हा नेमही दोघांचा एकच होता.

याच भागातले अंकली गाव वारीच्या इतिहासात फार मोठे आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व आजही इथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून आळंदीला चालत जातात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी हा सोहळा उभा केला, तेव्हा घोडे, तंबू आणि नैवेद्य यांची व्यवस्था शितोळ्यांनी उचलली. हैबतबाबांची निष्ठा मोठी खरीच, पण त्या निष्ठेला अंकलीहून घोडे आले, हेही आम्ही सीमाभागातल्या लोकांनी थोड्या अभिमानाने सांगायला हरकत नाही.

मिरज मागे पडल्यावर कवठेमहांकाळपासून दुष्काळी मुलूख लागतो. आमचे पीक पाण्याने नेले होते, इथे पाण्याचीच वाट पाहत माणसे म्हातारी झाली आहेत. तरीही एका वस्तीवर विणेकऱ्यांचे पाय धुण्यासाठी घागर बाहेर आली. ती बाई तांब्या अर्धाच भरत होती आणि धुतलेले पाणी अंगणातल्या तुळशीच्या आळ्यात जाईल अशा बेताने ओतत होती.

सांगोल्याच्या मुक्कामात कीर्तन दामाजीपंतांचे होते. मंगळवेढे तिथून फार लांब नाही. दुष्काळात बादशहाची कोठारे दामाजींनी लोकांसाठी खुली केली आणि पांडुरंगाने विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन ती रक्कम भरली, ही कथा सगळ्यांना पाठ असते. महाराज विठूच्या मोहरांवर रंगून बोलले. मला मात्र त्यांनी कुलूप काढण्याच्या क्षणी थोडे थांबायला हवे होते असे वाटले. पैसे कोण भरणार, हे कुलूप काढताना दामाजींना ठाऊक नव्हते. समोर भुकेली माणसे होती आणि किल्ली त्यांच्या हातात होती. आमच्यातले काही जण 'देव देईल' म्हणत बांधावर बसून राहतात, त्यांना ही कथा अर्धीच कळलेली असते.

पंढरपुरात चंद्रभागेचे स्नान आणि कळसाचे दर्शन झाले. विठ्ठलापुढे कर्जाचे गाऱ्हाणे मांडायचे घरून ठरवले होते; दशमीच्या रात्री मी ते मनातून काढून टाकले आणि पेरणीला बियाणे मिळावे, एवढेच मागितले. ते दिंडीतल्याच एका येळ्ळूरच्या माळकऱ्याने दिले, सुगीला परत करण्याच्या बोलीवर.

पुढच्या महिन्यात टाळेबंदी आली. त्या आषाढीला संतांच्या पादुका मोजक्या माणसांसह एसटी बसमधून पंढरीला गेल्या, आणि घरी थांबणे हीच वारकऱ्याला आज्ञा झाली. बेळगावच्या वडगाव, शहापुरातले यंत्रमाग बंद पडून विणकरांच्या चुली अडल्या, तेव्हा आमच्या दिंडीने शिल्लक शिधा तिकडे पोचवला. त्यात प्रत्येक घराने भर घातली. आमच्या घरचे दोन पायली तांदूळ दुकानातून उधारीवर आणलेले होते. ते मोजून पिशवीत भरताना पत्नीने वर एक मूठ जास्त टाकली.