सामूहिक वनहक्काचा दावा : फाईल गावातच पक्की करा

सामूहिक वनहक्काची फाईल प्रांताच्या कार्यालयात उघडली की पहिलं पान पाहिलं जातं ते ग्रामसभेच्या ठरावाचं. हजेरी किती, त्यात बायका किती, सह्या-अंगठे ठरावाखालीच आहेत की वेगळ्या कागदावर. निस्तार पत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद), नकाशा, म्हाताऱ्यांचे जबाब हे सगळं त्याच्या मागे. गावाने शंभर वर्षं जंगल राखलेलं असतं आणि फाईल परत येते ती या पहिल्या पानामुळे. म्हणून आज कायद्याची थोरवी बाजूला ठेवून फक्त फाईल कशी बांधायची तेवढंच लिहितो.

दोन शब्दांत पाया. वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे, आणि त्या नियमांत 6 सप्टेंबर 2012 ला मोठी दुरुस्ती झाली. अजूनही काही ठिकाणी दुरुस्तीपूर्वीचे छापील फॉर्म फिरतात, ते वापरू नका. नमुना अ वैयक्तिक शेतीच्या दाव्याचा. नमुना ब निस्ताराचा, म्हणजे चराई, जळण, मासेमारी, गौण वनोपज गोळा करणं. नमुना क सामूहिक वनसंपत्तीचा : गावाच्या रूढ सीमेतलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क. अनेक गावं फक्त ब भरतात आणि हक्क मिळाला म्हणून निर्धास्त होतात. मग कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडायला मजूर आले की कळतं, आपल्याकडे चराईचा कागद आहे, जंगलाचा नाही. दोन्ही भरा, एकाच दिवशी, एकाच ठरावात दोन्हींचा उल्लेख करून.

ग्रामसभा कोणाची, हा प्रश्न आधी सोडवा. पाच गावांची एक ग्रामपंचायत असेल तर ग्रामपंचायतीच्या सभेत कोरम कधीच भरत नाही आणि एका गावाच्या जंगलावर चार गावं मत देतात. कायद्यातल्या गावाच्या व्याख्येत पाडे, टोले, वनगावं, मोजणी न झालेल्या वस्त्याही येतात. अनुसूचित क्षेत्रात पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा मान्य करून घेण्याची वाट पेसाच्या (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या कायद्याच्या) नियमांत आहे. ते काम आधी करा.

आता कोरम. ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. मतदार यादीत 240 नावं असतील तर किमान 120 माणसं आणि त्यांत 40 बायका. हा आकडा इतिवृत्ताच्या पहिल्याच ओळीत लिहा : एकूण सदस्य, हजर, पैकी स्त्रिया. पानांना आधीच क्रमांक घाला. ठराव लिहून झाल्यावर त्याच पानापासून सह्या सुरू करा, मध्ये कोरी जागा सोडू नका. अंगठ्यासमोर नाव दुसऱ्याने लिहायचं. सूचना आणि अनुमोदन देणाऱ्यांची नावं हवीत. सभेची नोटीस आणि दवंडीची नोंदही त्याच फाईलला जोडा. रोवणीच्या दिवसांत सभा ठेवली की बायका येत नाहीत आणि मग घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेतल्या जातात. हे करू नका. हरकत आली तर अख्खा ठराव पडतो, आणि खरं सांगायचं तर पडायलाच हवा.

दाव्यांची तपासणी करणारी गावाची वनहक्क समिती 10 ते 15 जणांची. त्यांत दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश स्त्रिया. 15 जणांची केली तर 10 आणि 5. मूळ नियमात जमातीचं प्रमाण एक तृतीयांश होतं, ते 2012 ला वाढलं. त्यामुळे 2008-09 मध्ये झालेल्या जुन्या समित्या आजच्या नियमात बसतात का ते तपासा, नसतील तर ग्रामसभेत फेररचना करून घ्या. दाव्याची मुदत संपली असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दावे मागवण्याचे तीन महिने ग्रामसभाच ठरवते आणि कारण नोंदवून तीच वाढवते.

खरं काम सीमेचं. यावर वेळ घालवा.

सामूहिक वनसंपत्तीची सीमा म्हणजे महसुली शीव नव्हे. गाव पिढ्यान् पिढ्या जिथवर मोहफूल वेचायला, गुरं चारायला, देव पुजायला जातं तिथवरची ती सीमा. ती वनविभागाचं बीट ओलांडते, कक्ष ओलांडते, कधी तालुकाही ओलांडते. अभयारण्यात शिरत असली तरी दावा करता येतो, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. क्षेत्राला कमाल मर्यादा नाही. चार हेक्टरची मर्यादा वैयक्तिक दाव्याची आहे. ही गल्लत तहसीलच्या टेबलावरही होते.

शिवारफेरी जानेवारी ते मे दरम्यान करा. पानगळ झालेली असते, नाले कोरडे असतात, समोरची टेकडी दिसते. गटात दोन जाणती माणसं, दोन तरुण, एक लिहिणारा आणि किमान दोन बायका हव्यात. डिंकाची, कंदाची, पाण्याची जागा पुरुष अंदाजाने दाखवतात, बायका थेट तिथे नेऊन उभ्या करतात. शेजारच्या गावाला आधी लेखी कळवा आणि त्यांची दोन माणसं सामाईक सीमेवर बोलवा. दोन गावांचे म्हातारे एका साजाच्या झाडाखाली उभे राहतात, एक म्हणतो इथून, दुसरा म्हणतो त्या दगडापासून, आणि बहुतेक वेळा दोघांच्या मधला पट्टा दोन्ही गावं वापरत असतात. तो पट्टा भांडून तोडू नका. सामाईक वापर म्हणून दोन्ही दाव्यांत दाखवा आणि तसं एकमेकांना लिहून द्या. मिटलंच नाही तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, ग्रामसभांनी त्यावर निर्णय करायचा, आणि तरीही अडलं तरच प्रांताच्या पातळीवरच्या उपविभागीय समितीकडे जायचं. नियमातला क्रम तोच आहे.

जीपीएसचं यंत्र नसेल तर साधा मोबाईल चालतो, पण शिस्त पाळा. प्रत्येक वळणावर आणि सरळ रेषेत दर शंभर मीटरला एक बिंदू. दाट झाडोऱ्यात आकडा दहा-वीस मीटर सहज उडी मारतो, म्हणून दोन-तीन मिनिटं थांबा, जवळ मोकळी जागा असेल तर तिथे नोंद घ्या. एककं आधीच ठरवा : डब्ल्यूजीएस 84 (जीपीएसची नेहमीची मोजपद्धत), दशांश अंश, पाच दशांश स्थळांपर्यंत. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. वहीत रकाने : बिंदू क्रमांक, अक्षांश, रेखांश, जागेचं नाव, खूण, पलीकडचं गाव. जागेचं नाव गावाच्या बोलीतलंच लिहा. गोंडी असेल तर गोंडी, कोरकू असेल तर कोरकू. कागदावर न आलेलं नाव दहा वर्षांनी कोणाला सिद्ध करता येत नाही.

नकाशात हमखास होणाऱ्या तीन चुका. पहिली, अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. गडचिरोलीचा अक्षांश 20 च्या आणि रेखांश 80 च्या आसपास, उलटं भरलं की गाव थेट उत्तर ध्रुवाजवळ जाऊन पडतं. दुसरी, एकर आणि हेक्टर; एक हेक्टर म्हणजे 2.47 एकर, आणि दाव्यात एका पानावर एकर, दुसऱ्यावर हेक्टर असलं की फाईल परत. तिसरी कमी जणांना माहीत असते : क्षेत्रफळ काढताना यूटीएमचा (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीचा) पट्टा. महाराष्ट्रातून 78 रेखांश जातो. त्याच्या पश्चिमेला पट्टा 43, पूर्वेला 44. नाशिक, नंदुरबार, मेळघाट 43 मध्ये. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली 44 मध्ये. पट्टा चुकला की क्षेत्रफळ चुकतं, आणि मोजणीवाल्याला हरकत घ्यायला आयतं निमित्त मिळतं. नकाशावर कक्ष क्रमांक आणि गट क्रमांकही टाका.

पुरावे दोन पुरतात. नियमात किमान दोन असंच आहे आणि अमुकच कागद आणा असा हट्ट कोणत्याही समितीला धरता येत नाही. विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची जुनी नोंद) हे सोन्यासारखे कागद, जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढा. बाकी गॅझेटियर, वनविभागाच्या कार्य आयोजनेतली (जंगलाच्या कामांच्या आराखड्यातली) पानं, देवराई, जुनी विहीर, मसणवटा, गुरांची पाणवठ्याची वाट यांचे फोटो बिंदू क्रमांकासह लावा. जाणत्यांच्या जबाबात एक खाच आहे : जबाब दावेदाराव्यतिरिक्त दुसऱ्याचा हवा. सामूहिक दाव्यात अख्खं गावच दावेदार असतं, म्हणून शेजारच्या गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब घ्या. ‘आमच्या आजोबांच्या काळापासून या गावाची माणसं अमुक टेकडीपर्यंत बांबूला जातात’ अशी नाव-जागेची वाक्यं हवीत. गोलमोल जबाब निरुपयोगी. उपग्रहाचं चित्र पूरक आहे. ते इतर पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हेही नियमातच आहे.

स्थळपाहणीचं पत्र वनविभाग आणि महसूल दोघांनाही द्या. तारीख, वेळ, जमण्याची जागा लिहा, पोच घ्या, आवक क्रमांक टिपून ठेवा. अधिकारी आले तर त्यांनी पंचनाम्यावर हुद्दा, तारीख आणि शेऱ्यासह सही करायची असते. आले नाहीत तर तसं लिहून पाहणी पूर्ण करा. आम्ही हजर नव्हतो अशी हरकत त्यांनी नंतर घेतली तर दावा एकदा फेरपाहणीसाठी परत येतो, आणि दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. ही तरतूद गावाच्या बाजूची आहे, पण पोच नसेल तर तिचा उपयोग शून्य.

मूळ फाईल देण्याआधी पूर्ण झेरॉक्स संच गावात ठेवा, पानांवर क्रमांक घालून. उपविभागीय समितीला ठराव अपुरा वाटला तर तिने फेटाळण्याऐवजी कारणांसह तो ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. नामंजुरी लेखी हवी, कारणांसह हवी. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला 60 दिवस असतात. आणि एखाद्या गावाचा सामूहिक वनसंपत्तीचा हक्क मान्य झालाच नसेल तर त्याची कारणं नोंदवण्याची जबाबदारी जिल्हास्तरीय समितीच्या सचिवावर आहे. माहिती अधिकारात हाच कागद मागा.

अधिकारपत्र हातात आलं की हार-तुऱ्यांच्या आधी ते वाचा. जोडपत्र 4, म्हणजे सामूहिक वनसंपत्तीच्या अधिकारपत्राचा नमुना, आहे का? धारक म्हणून ग्रामसभेचं नाव आहे की वनविभागाच्या योजनेतल्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीचं? क्षेत्र दाव्याइतकंच आहे का? चतुःसीमा आणि कक्ष क्रमांक जुळतात का? अटींच्या रकान्यात ‘वनविभागाच्या कार्य आयोजनेच्या अधीन राहून’ असलं काही घुसवलंय का? घुसवलं असेल तर लगेच लेखी हरकत घ्या. नंतर तीन महिन्यांच्या आत महसूल आणि वन दोन्ही दफ्तरांत या हक्काची नोंद व्हायला हवी, तिचाही पाठपुरावा करा.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर हा हक्क मिळाला, पण बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना मिळायला 27 एप्रिल 2011 उजाडावा लागला. बांबू हे गौण वनोपज असल्याचं कायद्यात लिहिलेलं असताना तो लाकूड आहे असा वाद घातला जात होता. 2012 च्या दुरुस्तीने परवाना देण्याचा अधिकारच ग्रामसभेच्या समितीकडे आला. आज वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेने छापायचं : क्रमांक, माल, नग किंवा वजन, कुठून कुठे, गाडी क्रमांक, तारीख, दोन सह्या, तीन प्रती.

याच कायद्याचं कलम 5 मला सगळ्यात मोलाचं वाटतं. वन्यजीव, जंगल, पाणलोट आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार आणि कर्तव्य ते ग्रामसभेला देतं. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची की नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 च्या निकालाने ग्रामसभांवर सोपवलं, आणि त्या वर्षी बाराही ग्रामसभांनी नकार दिला. पण खाणीची नोटीस आल्यावर दावा भरायला बसणं उशिराचं आहे. सीमा, नकाशा, ठराव आधी तयार असलेलं गाव वेगळ्या ताकदीने बोलतं.

वन्यजीवांसाठी करायचं काम फार साधं आहे आणि वेळेवर करायचं आहे. जाळरेषा (आग अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे) 15 फेब्रुवारीच्या आत साफ झाल्या पाहिजेत, कारण वणव्याचा हंगाम तिथून धरतात. बहुतेक वणवे मोहफुलाखालची पालापाचोळ्याची जागा जाळून स्वच्छ करताना आणि तेंदूला नवी पालवी यावी म्हणून लावलेल्या आगीतून पसरतात. झाडाखाली आग न लावता खराट्याने झाडा, किंवा जुनं लुगडं, जाळी अंथरा. जमिनीवर घरटं करणारी पाखरं, सरडे, कासवं या आगीत आधी जातात. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तेंदूचा पैसा सोडून तोडणीच बंद केली, ती या छाटणी आणि आगीमुळेच. प्रत्येक गावाला ते परवडणार नाही, पण आग न लावता तोड करणं प्रत्येकाला जमतं.

बांबूत यंदाचा कोवळा आणि गेल्या वर्षीचा हात लावायचा नाही, तीन वर्षांच्या पुढचाच तोडायचा. जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या वर धारदार कोयत्याने कापायचा, खोलगट ठुटात पाणी साचता कामा नये. पावसाळ्यात तोड बंद, तेव्हा वास्ते (बांबूचे नवे कोंब) वर येत असतात. रांझीच्या (बांबूच्या बेटाच्या) बाहेरून सोपा म्हणून नवा बांबू कापला जातो आणि आत जुन्याची गर्दी होते. दोन-तीन वर्षांत रांझी आतून मरते. ठेकेदाराच्या मजुरांकडून हे सगळ्यात जास्त होतं, म्हणून तोडीवर गावची दोन माणसं रोज उभी हवीत, आणि त्यांची मजुरी आधीच अंदाजपत्रकात धरलेली हवी.

पैसा ग्रामसभेच्या नावाच्या खात्यात. दोन सह्या, त्यांतली एक बाईची. पॅन कार्ड हंगामाच्या आधी काढा, लिलावाच्या दिवशी धावपळ करून ते मिळत नाही. व्यापाऱ्याकडून करारात अनामत आणि हप्त्यांच्या तारखा लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता जमा झाल्याशिवाय शेवटच्या गाडीचा परवाना फाडू नका.