ऊन पचवलेली माणसं

"अगं, आपण ४४ डिग्रीत राबलेली माणसं. आपल्याला काय होतंय तिथं?"

आज परभणीत मेडिकलवर एक काका लेहला निघालेल्या लेकीला सांगत होते. ती उंचीवरच्या त्रासाच्या गोळीची चौकशी करत होती. काकांनी कापराच्या वड्या घेतल्या आणि विषयच मिटवला.

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. किती ठसक्यात म्हणाले! आणि उन्हाचं म्हणाल तर खरंच आहे ते.

पण लेह साधारण ३५०० मीटरवर. दिल्लीहून विमान दीड तासात तिथं उतरवतं, शरीराला मात्र एवढी घाई जमत नाही. हवेत ऑक्सिजन तोच, २१ टक्के. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. मग डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. कापरानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटेल, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही.

दणकट तब्येतही इथं भरवशाची नाही. उलट दणकट पोरंच उतरल्या उतरल्या खारदुंग ला या आणखी उंच खिंडीकडं बाईक काढतात. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, हे आपल्याकडं कुणाला पटणार? पैसे भरून झोपायला गेलो का, म्हणतील. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला, तर मात्र लगेच खाली उतरायचं.

पोरगी गप्पच राहिली. डॉक्टरला विचारून गोळी घेईल का ती, काकांच्या नकळत?