आंबा उतरवल्यावर शिकवायचं काय असतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा प्रश्न मी हसून सोडून देते. लग्नाच्या पंगतीत, कदंबच्या बसमध्ये, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, सगळीकडे तोच: "मॅडम, तुम्ही फळं काढल्यानंतरचं शिकवता म्हणे. झाडावरून उतरलं की संपलं, त्यात शिकवायचं काय?"

संपलेलं नसतं, हेच शिकवते. उतरवलेलं फळ श्वास घेत असतं. साखर जाळतं, पाणी गमावतं, ऊब टाकतं. फक्त झाडाकडून येणारा शिधा बंद झालेला असतो, गाठीला आहे तेवढ्यावर भागवायचं. आंबा, केळं, फणस, चिकू ही मंडळी तर इथिलीन नावाचा वायू स्वतःच तयार करतात आणि त्याच वायूने आणखी भराभर पिकतात.

फळ्यावर लिहून हे डोक्यात शिरत नाही. म्हणून चतुर्थीची सुट्टी संपली की मी वर्गात विचारते, माटोळीतलं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या बांधतात त्या चौकटीतलं, कुठलं तवसं (काकडी) आधी पिवळं पडलं? मुलं आठवतात, एकमेकांकडे बघतात. केळ्यांच्या घडाशेजारचं! मग केळ्यांचा वायू तवशाला कसा अकाली म्हातारा करतो, हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाने पुढच्या वर्षी तवशी दुसऱ्या टोकाला बांधली आणि आजीची बोलणी खाल्ली. त्या टोकाला पिढ्यान्‌पिढ्या नारळ बांधतात.

पण खरी शाळा भरते ती मानकुरादच्या, आमच्या गोव्याच्या आंब्याच्या, दिवसांत. पोर्तुगीज 'मालकोरादो', म्हणजे वाईट रंगाचा, यावरून हे नाव पडलं असं सांगतात. २०२३ मध्ये या वाईट रंगाच्या आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालं. लाली चढण्याची वाट बघून मानकुराद उतरवता येत नाही. खांदे भरलेत का, देठाशी खळगा पडलाय का, ते बघायचं. तरी शंका असेल तर पाण्याची बादली आणा. तयार आंबा तळाशी बसतो, कोवळा तरंगतो.

आणि देठ. देठ मुळापासून मोडला की पहिल्या काही क्षणांत चीक पिचकारीसारखा उडतो. तो सालीवर ओघळला की दुसऱ्या दिवशी तिथे काळा पट्टा, जणू कोणी गरम तार टेकवली. त्याच पट्ट्यावर बाजारात फळं विकणारी पसरकार बाई बोट ठेवते आणि डझनाचा भाव उतरवते. म्हणून बोटाच्या पेराएवढा देठ ठेवून कातरायचा, मग सावलीत तो आखूड करून आंबा उपडा ठेवायचा, चीक खाली निथळू द्यायचा. याला खर्च शून्य. तरी दर वर्षी कोणीतरी काठीने झोडपून पाडलेले आंबे गोणीत भरून आणतो आणि माझ्याकडे औषध मागतो.

संशोधन म्हणाल तर ते दिसायला फारच रटाळ. तेच तीस आंबे रोज तोलायचे, दाबून बघायचे, रसाचा थेंब काचेवर ठेवून साखर मोजायची. हंगाम वर्षातून एकदाच येतो, त्यामुळे चूक झाली की पुढच्या एप्रिलपर्यंत गप्प बसायचं. मी बसले आहे. सुरुवातीच्या वर्षांत, जितकं थंड तितकं टिकाऊ, अशा हिशेबाने कच्चा मानकुराद ८ अंशांवर ठेवला. दोन आठवडे सुरेख दिसत होता. बाहेर काढला आणि साल राखाडी झाली, खड्डे पडले, पिकला तो नुसता नावाला. वासच नाही! थंडी बाधली होती त्याला. कच्च्या आंब्याला १२-१३ अंश पुरे होतात. पुस्तकात हे लिहिलेलं होतं, मी वाचलेलंही होतं.

एक तक्रार मात्र आहे. सभेत बोलावतात तेव्हा सगळ्यांना शीतगृहाबद्दलच ऐकायचं असतं. परसात दहा कलमं असलेल्या माणसाला शीतगृह काय कामाचं? त्याला हवा झेला (फळ अलगद उतरवायची जाळीची काठी), कातरी, प्लॅस्टिकचा क्रेट, तळाला रद्दी आणि ऊन तापायच्या आत उतरवायची सवय. हे बोलले की चहाची वेळ होते.

आंबे पिकवायच्या कार्बाइडचंही विचारतातच. ते वापरायला बंदी आहे. त्यातून निघणाऱ्या वायूसोबत आर्सेनिकचे अंश येऊ शकतात, आणि कोवळा आंबा त्याने पिवळा झाला तरी गोड होत नाही. पिकवण्याच्या खोलीत मोजून सोडलेला इथिलीन वायू चालतो. घरी पेंढ्यातली अढी उत्तम.

परवा बसमध्ये एका काकींना हे सगळं सांगितलं. पर्वरीपासून म्हापशापर्यंत ऐकलं त्यांनी, मान डोलावत. उतरताना म्हणाल्या, "ते सगळं खरं गो बाय, पण फ्रीजमध्ये ठेवू की नको?"

पिकलेला ठेवा, काकी. कच्चा नको.